निसर्गाच्या कुशीत पंचेचाळीसजण

निसर्गाची कूस नक्की किती रुंद असते, हे एकदा कुणीतरी टेप लावून मोजायला हवे. कारण आमच्या सोसायटीतली उत्साही मंडळी दर हिवाळ्यात पुण्याहून बस भरून त्या कुशीत शिरायला कोलाडला जातात. पंचेचाळीस माणसे, दोन स्पीकर, एक वाढदिवसाचा केक आणि पिशवीभर फरसाण. कार्यक्रम भरगच्च असतो. तंबू, टेकडी, राफ्टिंग, कयाकिंग, शेकोटी, हाऊजी! नदीला त्यात मधली दोन तास मिळाली तर मिळाली.

माझे भांडण सहलीशी नाही. जरूर जावे. पण नदीवर जातो म्हणून निघायचे आणि नदीकडे पाठ करून फोटो काढून परत यायचे, याला माझा सक्त विरोध आहे.

आता हा रस्ताच बघा. बस ताम्हिणीकडे जाताना मुळशीच्या तलावाशेजारून जाते. त्या वेळी आत अंताक्षरी चाललेली असते आणि गाडी नेमकी ‘म’वर अडलेली असते. काचेबाहेर मैलभर मुळशी पसरलेली, पण ‘म’ काही सुचत नाही! या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे आहेत. ती वाचवण्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांनी त्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला. धरण व्हायचे ते झालेच, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळेचे जे पाणी पुण्यावरून भीमा-कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराला जायचे, ते बोगद्यांतून, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरते, वीज करते आणि कुंडलिकेत पडून रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. एवढ्या थोरल्या पाण्याला आपण सकाळी साडेनऊला ‘याऽहू’ म्हणून भेटतो. म्हणा, ‘याहू’ म्हणा. पण आधी कुणाचे पाणी, एवढे तरी विचारा! पाहुण्याच्या घरीसुद्धा आपण चहा पिण्याआधी नाव विचारतो.

बरे, हे पाणी येते तेही वीजघराच्या वेळापत्रकाने. सकाळी पाणी सोडतात म्हणून राफ्टिंग सकाळी. आदल्या संध्याकाळी ज्या खडकावर आपल्या वहिनी पाय सोडून बसल्या होत्या, तो सकाळी पाण्याखाली असू शकतो. हे सगळे तिथली स्थानिक पोरे समजावून सांगतात. होडीतून पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा, उभे राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकेल. जॅकेटचे पट्टे आवळा. लाखमोलाचे बोल! आणि आमची मंडळी त्या वेळी काय करतात? ‘काका, जरा आत सरका, तुमचं पोट येतंय,’ असे म्हणत ग्रुप फोटो काढतात. पट्टे आवळले तर फोटोत जाड दिसतो म्हणून ते सैल सोडणारे एक सद्‌गृहस्थ मी स्वतः पाहिले आहेत.

इथे मला हसू येत नाही. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला आणि चारजण गेले. पूल धोकादायक असल्याचे आधीच सांगितलेले होते. पुलाचा जाब ज्याचा त्याला विचाराच. पण घोळक्यात माणसाचे कान बंद होतात, हे मी बसमधल्या तिसऱ्या बाकावरून बघत आलो आहे. पुढचा गेला ना, मग आपणही जायचे.

त्यातून कयाक! ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूइट लोकांची होडी. सीलच्या कातड्याने मढवलेली, एकट्या माणसाने वल्ह्याचाही आवाज न करता सावजाच्या जवळ जायची. आमच्याकडे तीत बसून काठावरच्या बायकोला ओरडून विचारतात, ‘अगं, व्हिडिओ चालू आहे ना?’ सील सोडा, कुंडलिकेतली बेडकीसुद्धा थांबायची नाही.

यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बिनतोड सवाल टाकला. ‘वारीत नसतो का आवाज? तिथे तर लाखांनी माणसं असतात!’ असतो की. पण अहो, दिंडीत प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते आणि सगळ्यांचे टाळ एकाच अभंगावर पडतात. संध्याकाळी तळावर चोपदाराने चोप उंचावला की सगळा जनसमुदाय गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तेवढीच टाळ वाजवत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. आमच्या बसमध्ये पंचेचाळीस तक्रारी, दोन स्पीकर आणि चोपदार नाही!

तेव्हा माझ्या मागण्या सोप्या आहेत. माणसे निम्मी करा. स्पीकर ज्याचा त्याच्या घरी. मुळशीला बस दहा मिनिटे थांबवा आणि अंताक्षरीही थांबवा. त्या पोरांचे बोलणे संपेपर्यंत मोबाइल पिशवीत. फरसाणाची रिकामी पाकिटे येताना त्याच पिशवीतून परत. यातले काही जमत नसेल, तर गच्चीवर तंबू ठोका, पाण्याच्या टाकीची तोटी सोडा आणि खुशाल ओरडा.

शेकोटी मात्र राहू द्या. जानेवारीत कोलाडला पहाटे चांगलेच गारठते.