बाजारचा दिवस आणि दूरचा वैद्य

माझ्या वडिलांना रक्तदाबाचा विकार जडल्यावर, पहाटेची एस.टी. धरून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, दवाखान्याच्या बाकावर दुपारपर्यंत बसावे, दोन मिनिटांच्या भेटीत ‘त्याच गोळ्या चालू ठेवा’ एवढे ऐकावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा त्यांचा दरमहाचा क्रम होता; पुढे गुडघे थकले तसा तो क्रम आधी तीन महिन्यांवर गेला, मग तुटला, आणि त्यापाठोपाठ गोळ्याही सुटल्या. त्या सुटल्या त्या अंतरामुळे, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या आणि उच्च रक्तदाब असलेल्यांची ३१ कोटींच्या वर असल्याचा अंदाज मांडला आहे. एवढ्या जनसमुदायाला आयुष्यभर बाकावर तिष्ठत ठेवणे अन्यायाचे आहे, म्हणून फोनवर वा पडद्यावर डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणाऱ्या दूरवैद्यकाचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, त्याविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली, त्यांतही विवेक आहे: ज्याला प्रत्यक्ष तपासून औषध दिले, त्याला त्याच विकारावर पूरक औषध दुरून जोडून देण्याची मुभा आहे, अनोळखी रोग्याच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवलेला आहे.

परंतु मधुमेहाने पायाच्या नसा बधिर केल्या म्हणजे टाचेत रुतलेला काटाही कळत नाही, जखम चिघळते, आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. तो पाय पाहण्यासाठी कोणीतरी रोग्याला चप्पल काढायला सांगावे लागते, तळव्याला बारीक तंतू टोचून ‘कळते का’ असे विचारावे लागते. पडद्यावर रोग्याचा चेहरा दिसतो, तळवा दिसत नाही. म्हणूनच २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेतली जी तजवीज मला सर्वाधिक पटते, ती रोग्याला पडद्यासमोर एकटे न सोडणारी: उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी त्याच्या शेजारी असतो, दंडाला पट्टा बांधतो, आणि पलीकडच्या डॉक्टरांना आकडा कळवतो.

खाजगी दवाखान्यांनीही हेच शेजारपण पत्करावे, असा माझा आग्रह आहे. दर खेपेला नवा डॉक्टर आणि दर खेपेला तीच कैफियत, हा प्रकार तर रोग्याचा धीर खचवणारा. वही एक असावी, डॉक्टर एक असावा, आणि वर्षातून एकदा तरी डोळ्यांचा पडदा व पाय यांची तपासणी समक्ष व्हावी.

आठवडी बाजाराचा दिवस यासाठी मुक्रर केला, तर निराळ्या खेपेचे भाडेही वाचेल. मेथीच्या जुड्या विकून झाल्यावर एखादी आजी टोपली दाराशी ठेवील, नर्सबाईंसमोर चप्पल काढील, आणि दूरवरचा तिचा डॉक्टर तिला नावाने हाक मारून विचारील, ‘आजी, मागच्या महिन्यातली ती भेग भरली का?’