बिल फुगते ते कुठे?

मे महिन्याचे वीजबिल हाती पडले की शहरातील लहान सदनिकांतून दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : दोन खोल्यांच्या घराला एवढे बिल येतेच कसे? त्याचे ठरलेले उत्तरही लगोलग मिळते. मीटर पळतो आहे! वस्तुतः मीटर पळतो तो क्वचितच. बिल फुगते ते बहुधा दोन ठिकाणी : दराच्या टप्प्यांत आणि मीटरवाचनाच्या वेळापत्रकात. पहिल्याची जबाबदारी बव्हंशी ग्राहकाची असते, दुसऱ्याची मुळीच नसते. मात्र बिलाच्या कागदावर हा फरक सहजासहजी दिसत नाही आणि असंतोषाचे मूळ तेथेच आहे.

आधी टप्प्यांविषयी. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा टप्पा आहे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो. डोंबिवली किंवा हडपसरमधील एखाद्या कुटुंबाचा वापर जानेवारीत ९५ युनिट आणि मेमध्ये २३० युनिट झाला असे समजू. वापर अडीचपटीहूनही कमी वाढला, पण दुसऱ्या टप्प्याचा दर दुप्पट धरला तर वीज आकार पावणेचारपटींवर जातो. शंभरी ओलांडली की सर्वच युनिट वरच्या दराने लागतात, हा समज मात्र चुकीचा आहे. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने मोजली जातात. महाग पडतात ती पुढची १३०.

ही १३५ युनिटांची वाढ आली कुठून, याचा हिशेब फारसा अवघड नाही. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. दीड टनाचा जुना वातानुकूलन यंत्राचा संच रात्री तीन-चार तासच चालविला तरी दिवसाला चार-पाच युनिटे जातात. महिन्याची बेरीज तेथेच पूर्ण होते. दोन हजार वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. ७५ वॉटचा पंखा अहोरात्र फिरला तर १.८ युनिट. आपण दिवे मालवत हिंडतो आणि गिझर चालू ठेवून आंघोळीला कोणाचा नंबर यावरून वाद घालतो, असे हे घरगुती अर्थशास्त्र आहे.

वीज आकाराखेरीज बिलात स्थिर आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार असतो आणि त्यावर घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क लागते. घर महिनाभर बंद असले तरी स्थिर आकार चुकत नाही. सुरक्षा ठेवीची मागणी स्वतंत्र बिलाने येते. पूर्वी सरासरी एका महिन्याच्या बिलाइतकी असलेली ही ठेव २०२१ च्या विद्युत पुरवठा संहितेने दोन महिन्यांची केली. ती वापराची किंमत नव्हे. तिच्यावर व्याजही मिळते. अनेक जण तिलाच दरवाढ समजतात.

खरा वादाचा विषय आहे तो वाचनाचा. मीटरवाचक आला नाही, दार बंद होते, मीटरच्या खोलीची किल्ली सापडली नाही, अशा कारणांनी सरासरीवर बिल निघते. ही सरासरी मागील महिन्यांची असते. म्हणजे उन्हाळ्याच्या बिलाला हिवाळ्याचे माप लागते. २०२० च्या टाळेबंदीत नेमके हेच राज्यभर घडले. मार्चअखेर वाचन थांबले, कमी वापराच्या महिन्यांच्या सरासरीने बिले निघाली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष वाचनानंतर साचलेली युनिटे एकदम अंगावर आली. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. युनिटे महिनावार विभागून टप्प्यांचा लाभ दिला आहे, असा खुलासा महावितरणने केला. तो तत्त्वतः योग्य होता. परंतु ते गणित बिल वाचून ग्राहकाला पडताळता येईल, अशा रीतीने मांडले गेले नव्हते.

हे विभाजन किती महत्त्वाचे आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. तीन महिन्यांचा एकत्रित वापर ४८० युनिट निघाला. महिन्याला १६० याप्रमाणे विभागल्यास ३०० युनिटे स्वस्त टप्प्यात आणि १८० दुसऱ्या टप्प्यात येतात. तीच ४८० युनिटे एकाच महिन्याची धरली तर स्वस्त टप्प्यात केवळ १०० उरतात, २०० दुसऱ्यात जातात आणि १८० थेट तिसऱ्या टप्प्याच्या दराने आकारली जातात. वीज तेवढीच, मीटरही बिनचूक. तरी ग्राहकाला भुर्दंड! साचलेले बिल आल्यास प्रथम पाहावे ते हेच : किती महिन्यांचा वापर आहे, टप्पे तितक्या महिन्यांचे दिले आहेत का आणि आधी भरलेली रक्कम वजा झाली आहे का.

ग्राहकाने आपला आकडा स्वतः टिपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा तारीख, भार, युनिट असे आकडे आळीपाळीने दाखवितो. त्यांतील केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा आपला. दशांश चिन्हानंतरचा अंक सोडून द्यावा. मीटरचा क्रमांक बिलावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हेही पाहावे, कारण जुन्या इमारतींत शेजाऱ्यांच्या मीटरांची अदलाबदल होत असते. घरातील मुख्य स्विच बंद करूनही मीटरवरील दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि घर यांच्यामधल्या वायरिंगमध्ये गळती किंवा दुसऱ्याचा जोड असण्याचा संशय घ्यावा आणि जाणकाराला बोलवावे. मीटर पळत असल्याची शंकाही घरीच ताडता येते. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रतियुनिट असे छापलेले असेल, तर बाकी सर्व बंद ठेवून बादलीत बुडविलेल्या हजार वॉटच्या हीटरवर दिवा मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेजप्रमाणे थोडा फरक पडेल. ७० वेळा लुकलुकला तर मीटरच्या चाचणीसाठी अर्ज करावा.

तक्रार केली की वीज तोडतील, ही भीती सर्वांत मोठी. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ग्राहकाने आक्षेप नोंदवून मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कंपनीकडे दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. ही तरतूद बिलाच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापावी, असे कोणत्याही कंपनीला आपणहून वाटणार नाही. वीज नियामक आयोगाने ते वाटायला लावले पाहिजे.

स्मार्ट मीटरमुळे ‘वाचन उपलब्ध नाही’ हा शेरा जाईल, असे सांगितले जाते. ते शक्य आहे. परंतु प्रीपेड मीटरविरुद्ध उठलेला आवाज पाहून जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना ते बसविणार नसल्याची ग्वाही सरकारला द्यावी लागली. लोकांचा अविश्वास यंत्रावर होता, त्याहून अधिक त्या यंत्राच्या आकड्यातून रक्कम काढणाऱ्या हिशेबावर होता. तो हिशेब आजही बिलाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापला जातो.