सहा महिने घरी बसून खाऊ काय?

परवा मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. सोयाबीनची सोंगणी चालू होती. धुऱ्यावरच्या निंबाला साडीची झोळी, झोळीत तीन महिन्यांचं बाळ आणि शेजारी त्याची पाच वर्षांची बहीण बाटली घेऊन बसलेली. बाटलीत गाईचं दूध, निम्मं पाणी.

माझ्यातली शहाणी बाई लगेच जागी झाली. "अगं, सहा महिने फक्त अंगावरचं पाजायचं, वरचं पाणीसुद्धा नाही!"

विळा न थांबवता ती म्हणाली, "माहीत हाये ना वयनी. आशाताईनं सांगतलं. पन सहा महिने घरी बसली तं खाऊ काय?"

माझी बोलतीच बंद!

सोंगणी गुत्त्यानं घेतलेली. एकरामागे ठरलेले पैसे सगळ्याजणींत सारखे वाटायचे. म्हणजे ती पाजायला बसली की तिचं काम बाकीच्यांनी ओढायचं. कोण किती वेळा ऐकून घेणार? आणि बाळ कमी प्यायलं की दूधही कमी तयार होतं. मग सासू म्हणते, "हिला दूधच नाही." झाली बाटली सुरू.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह होतो, भिंतीवर पोस्टर लागतं. चांगलंच आहे. पूर्वी पिळून टाकायचा तो चीक आता बाळाला मिळावा, हे सांगायलाच हवं. पण सांगून झाल्यावर पुढे काय? २०१७ पासून नोकरदार आईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. शेतमजूर आईला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. सहा महिन्यांवर भागले तर दिवसाला २८ रुपयेसुद्धा नाहीत.

२००५च्या रोजगार हमी कायद्यात एक साधी गोष्ट होती. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमायची. सोंगणीच्या दिवसांत गावानं असं काही केलं आणि पाजण्याचा वेळ गुत्त्यातच धरला, तर?

खरं सांगू? नोकरीत असताना मी स्वतः चौथ्या महिन्यात पावडरचा डबा आणला होता. आईला आठवत असेल. तेव्हा मला कुणी अडाणी म्हटलं नाही. "बिचारीची धावपळ होते," म्हणाले.

तेवढं तरी तिलाही म्हणूया.