टायर मोठे झाले, पण फट मोजली का?



गळीत हंगाम तोंडावर आला की गटागटांतून तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात आणि ट्रॅक्टरला मोठे टायर चढवण्याची चढाओढही लागते. "सायेब, रानात रुतत न्हाई, सरीवरनं अलगद जातंय," असे आम्हास हौसेने सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु टायर चढला म्हणजे काम झाले ही समजूत घातक आहे, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगत आहोत.

2022-23 च्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाने 13.6-28 चे टायर काढून 14.9-28 चे बसवले. आम्ही पाहायला गेलो तेव्हा ट्रॅक्टर दारात रिकामा उभा होता. टायर व मडगार्ड यांत बोटभर फट दिसली. "चालतंय की," म्हणून आम्ही मोकळे झालो. महिनाभराने भरल्या ट्रेलरसह कालव्याच्या भरावावर वळताना तो टायर फुटला. मडगार्डच्या बोल्टाने टायरची बगल रोज थोडी थोडी कापली जात होती. ट्रेलर उलटला, ड्रायव्हरचा खांदा मोडला. ऊस गोळा करता आला. त्या पोराचा हंगाम मात्र गेला.

हिशेब साधा आहे. या बदलाने चाकाचा व्यास सुमारे दोन इंच वाढतो, पण ट्रॅक्टरची उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे एकच इंच. गिअर तोच राहून वेग शेकडा चारने वाढतो आणि ओढ तेवढीच घटते. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरला पुढच्या-मागच्या चाकांचे गणित कारखान्यातच बांधलेले असते. तिथे एकच जोडी बदलली तर गिअरवर ताण येतो.

फट पाहायची ती भरल्या ओझ्यावर. ओझ्याने टायर बगलेत फुगतो, काळ्या रानातला चिखल नांग्यांवर थापून बसतो. एका बाजूचे पुढचे चाक दगडावर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरते वळवा. चाक बॉनेटला, डिझेल टाकीला, दांड्याला लागते का पाहा. मागे लिफ्टचे हात, साखळ्या, मडगार्डचे बोल्ट तपासा. आखूड वळणावर ट्रेलरचा कोपरा टायरला भिडतो का तेही पाहा. टायरला ओला चुना फासून हळू चालवा. पांढरा डाग जिथे उमटेल तिथे घासते समजा. आमच्या मते दोन बोटे फट हवीच, काळ्या रानात चार. कमी भरली तर चाकांतील अंतर वाढवून पाहा. तरीही न जमल्यास जुना माप बरा.

आमचे स्पष्ट मत असे, की करार करताना कागदपत्रांबरोबर शेती विभागाने ही तपासणीही करावी, आणि ती आमच्यासारख्या अधिकाऱ्याने नुसत्या नजरेने न करता खाली वाकून करावी. वाहनमालकांनी त्याचा राग मानू नये. अर्धा तास जाईल, पण गव्हाणीपर्यंत ऊस जाईल आणि माणूस संध्याकाळी घरी जाईल.