कोपऱ्याची मजुरी वेगळी मागा

फायबरच्या होड्या वाढल्या तसे त्यांच्या पॉलिशचे कामही कोकण किनाऱ्यावर वाढले. काम घेताना मात्र अनेक कारागीर बंधू होडीची लांबी पाहून ठोक रक्कम सांगतात आणि मोकळे होतात. आमच्या मते नुकसान तिथेच सुरू होते. वेळ खातात ते कोपरे, आणि ते फुटपट्टीत मोजले जात नाहीत.

होडीवर जो रंग दिसतो तो जेलकोट. रंग मिसळलेल्या रेझिनचा थर, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. उन्हाने आणि हवेने त्याचा वरचा पापुद्रा मरतो, चमक जाते, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. सरळ बाजूवर बफिंग मशीन हे काम भराभर उरकते. पण कठड्याच्या पायाशी, दोर बांधायच्या खुंट्याखाली, काचेच्या चौकटीलगत सात-आठ इंची चकती पोचतच नाही. ठोक दरात बसवायचे म्हणून मशीन तिरपे घुसवले जाते. कडेवर सगळा दाब एका रेषेत येतो, ताप चढतो आणि बघता बघता जेलकोट जाऊन आतले फायबर दिसू लागते. मजुरी तर गेलीच, भरून देण्याचा खर्चही अंगावर! कोपरा तसाच सोडावा, तर मालकाची नजर नेमकी तिथेच जाते.

तेव्हा हे काम हाताचे. आधी होडी धुऊन जुने मेण ॲसिटोनच्या फडक्याने काढावे (जवळ विडी नको, हे सांगायला नको, तरी सांगतो). नाहीतर वॉटर पेपर लगेच भरतो. शेजारच्या स्टीलला आणि रबराला मास्किंग टेप लावावा. भुकटी वरवरची असेल तर पेपरची गरजच नाही, कंपाउंड पुरते. बोटाला गुंडाळलेले फडके किंवा जुना मऊ टूथब्रश घ्यावा. खोल गेली असेल तर १००० चा पेपर पाणी लावून हलक्या हाताने, मग १५०० चा, धारदार कड सांभाळून. तीन इंची चकतीचे लहान मशीन घेतल्यास श्रम वाचतात, सगळे नव्हे. खुंटा सोडवून काम केले तर परत बसवताना भोकात सीलंट भरावे, नाहीतर पाणी आत शिरते. पाय ठेवायच्या खरखरीत डेकवर पेपर मारू नये आणि मेणही लावू नये, खलाशी घसरेल.

एवढे सगळे फुटाच्या दरात बसावे तरी कसे? म्हणून भाव सांगतानाच कागदावर दोन ओळी लिहाव्यात: सरळ बाजू फुटावर, कोपरे तासावर. मालक कुरकुर करील. त्याच्यासमोर एक कोपरा करून दाखवावा आणि वेळ घड्याळावर मोजू द्यावा. तरीही तो स्वस्त माणसाकडे गेला तर जाऊ द्यावे.

आणि घासल्यावर कोपऱ्यात बारीक भेगांचे जाळे दिसले तर पॉलिश थांबवून आधी मालकाला बोलवावे. ते काम दुरुस्तीचे, त्याचा दर निराळा.