सात मिनिटं, मंगळ आणि वरठीचा पास

मागच्या वीकेंडला मामाकडे भंडाऱ्याला गेले होते. घरात फुल टेन्शन! मामेबहीण बारावी झालीय, तिला फिजिक्समध्ये जाम इंटरेस्ट. मामीचं म्हणणं, फार्मसी कर, जवळच कॉलेज आहे. रात्री गच्चीवर तिने हळूच विचारलं, "ताई, फिजिक्स करून पुढे का होते?"

मग मी तिला स्वाती मोहनची गोष्ट सांगितली. हिलाही आधी डॉक्टरच व्हायचं होतं. सोळाव्या वर्षी फिजिक्स शिकली आणि सगळंच बदललं. कॉर्नेल, मग एमआयटीतून पीएचडी, मग नासाची जेपीएल. 18 फेब्रुवारी 2021 ला 'पर्सिव्हिअरन्स' मंगळावर उतरलं, तेव्हा कपाळावर टिकली लावून जगाला ती बातमी देणारी हीच.

तिचं काम नेव्हिगेशनचं. यान कुठे आहे, तोंड कुठे आहे, जायचंय कुठे? ऐकायला सोपं वाटतं ना? पण उतरायला लागणार होती सात मिनिटं आणि तिथला सिग्नल पृथ्वीवर यायला अकराहून जास्त. म्हणजे 'निघालो खाली' हे आपल्याला कळेपर्यंत यान एक तर उतरलेलं, नाहीतर आपटलेलं! मग वाट दाखवणार कोण? कॅमेरा. पॅराशूटवर लटकलेलं असताना त्याने खालचे फोटो काढले, कॉम्प्युटरने ते आधीच्या नकाशाशी जुळवले आणि कडे-दगड टाळून जागा निवडली. ऑप्टिक्सची कमाल, बॉस!

मामी जिन्यात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "ते अमेरिकेत वाढली. आपलं तसं कुठं?"

पॉइंट बरोबर होता. म्हणून दुसरं नाव सांगितलं, मौमिता दत्ता. कोलकाता विद्यापीठात अप्लाइड फिजिक्स शिकली, 2006 मध्ये इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात लागली. नोव्हेंबर 2013 मध्ये निघालेल्या मंगळयानावरच्या मिथेन सेन्सरची ती प्रोजेक्ट मॅनेजर. अमेरिका नाही, आपलंच साधं विद्यापीठ.

फिजिक्स घेणारी प्रत्येक मुलगी मंगळापर्यंत जाईल, असं मी म्हटलं नाही. खोटं कशाला बोलायचं? पण फॉर्मच भरला नाही, तर नागपूरपर्यंतही जाणार नाही, एवढं नक्की.

मामी काहीच बोलली नाही. सकाळी चहा पिताना मामांनी विचारलं, "वरठीहून नागपूरचा महिन्याचा पास कितीचा पडते?"

बहिणीला आकडा पाठ होता.