भागीदारी कोणाची, बाजार कोणाचा?

1 ऑक्टोबर 2014 रोजी युरोपीय संघाने केनियाच्या फुलांवर आयात शुल्क लावले. पूर्व आफ्रिकी समुदायाने 'आर्थिक भागीदारी करारा'च्या वाटाघाटी मुदतीत पूर्ण केल्या नाहीत, एवढाच गुन्हा. त्याच महिन्यात वाटाघाटी आटोपल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी शुल्क उठले. याला वाटाघाटी म्हणायचे की हात पिरगाळणे?

मित्रांनो, शुल्क एकट्या केनियालाच का? टांझानिया, युगांडा, रवांडा आणि बुरुंडी हे देश 'अल्पविकसित' यादीत आहेत. त्यांचा शस्त्रे सोडून सगळा माल करार न करताही युरोपात शुल्कमुक्त जातो. केनिया त्या यादीत नाही. म्हणजे पाचांपैकी एकाला बाजार गमावण्याची भीती, तर चौघांना नवे मिळण्यासारखे फारसे काही नाही. एकजूट फुटणार नाही तर काय होईल? 2016 मध्ये केनिया आणि रवांडाने सही केली, टांझानियाने नाकारली. श्रेणीबद्ध विषमता कशी काम करते हे ज्यांनी बाबासाहेबांकडून समजून घेतले आहे, त्यांना ही पायऱ्यांची रचना परकी वाटू नये.

केनियाला आम्ही दोष देणार नाही. नैवाशा सरोवराकाठच्या मळ्यांत राबणाऱ्या मजूर बायकांची रोजी त्या शुल्कावर टांगलेली होती.

हे काही आजचे नाही. 1963 मध्ये याउंदे येथे 18 आफ्रिकी देशांनी युरोपशी सहयोग करार केला, तेव्हा घानाचे एन्क्रुमा बाहेर राहिले. अशा सहयोगाला ते नववसाहतवाद म्हणत. पण 1975 च्या लोमे कराराच्या वेळी आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील 46 देश एकत्र बसले आणि परतफेडीत आपला बाजार न उघडता सवलती मिळवल्या. 2000 च्या कोटोनू करारानंतर जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांवर बोट ठेवून तोच गट प्रदेशवार तोडला गेला आणि 'तुम्हीही बाजार उघडा' ही अट आली. यालाच समान वागणूक म्हणतात! बाजार उघडायला 25 वर्षांची सवड दिली, असे समर्थक सांगतात. पण मधल्या काळात कारखाने कोणत्या संरक्षणाखाली उभे राहणार, यावर ते गप्प असतात.

डिसेंबर 2023 मध्ये केनियाने एकट्याने करार केला. शेजाऱ्यांना नंतर त्यात सामील होण्याची सोय ठेवली आहे, अर्थात केनियाशी ठरलेल्या मसुद्यावरच.